धूर म्हणजे चष्मा नव्हे

ग्रहणाने माझ्या दादाचं काहीही बिघडवलेलं नाही. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतेय, कारण पुढचं कोणी वाचलं नाही तरी एवढं तरी डोक्यात राहू दे. आमच्या पुण्याच्या सगळ्या नातेवाइकांनी ठरवूनच टाकलंय की "त्याला ग्रहण बाधलं". परवा एका साखरपुड्यात शेजारी बसलेल्या काकूंनी जिलबी खाता खाता, चेहऱ्यावर दया वगैरे आणून हेच वाक्य म्हटलं आणि मी ताटावरून उठले. खरंच उठले. जिलबी तशीच राहिली, त्याचाही राग आहे मला.

तर नीट सांगते.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्यात डिप्लोमा केला, मानेसरला गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका फॅक्टरीत लागला, आणि राहायला आमच्याकडे दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. मी इथेच वाढले. दादा येईपर्यंत मी घरात एकटीच होते, त्यामुळे तो आला तेव्हा मला फुकटात मोठा भाऊ मिळाला. पहाटे पाचला उठायचा, कंपनीची बस पकडायचा आणि संध्याकाळी येऊन माझ्या वाटणीचा चहा प्यायचा.

त्याचं काम काय होतं हे कळलं नाही तर बाकीचं काहीच कळणार नाही. ब्रेकमध्ये बसणारे छोटे छोटे पार्ट्स पांढऱ्या ट्यूबलाइटखाली धरायचे, भिंगातून बघायचे आणि केसाएवढी चीर असेल तर तो पार्ट बाजूला काढायचा. दिवसभर हेच. "मशीनला न दिसणारं मला दिसतं," असं तो कॉलर वर करून सांगायचा. तेव्हा तो ट्रेनी होता, म्हणजे त्याने पास केलेला पार्ट एक सीनियर परत बघायचा. दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी कंपनीत डोळ्यांची टेस्ट होती. ती पास झाला की पर्मनंट आणि स्वतःचं टेबल. लोक "स्वतःचा फ्लॅट" म्हणतात ना, त्या आवाजात तो "स्वतःचं टेबल" म्हणायचा.

आणि त्या वर्षी ग्रहण आलं ते दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. लक्ष्मीपूजन झालं, रात्रभर फटाके झाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण. पाडवा एक दिवस पुढे ढकलला. मी तेव्हा बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला होते, कॉलेजच्या अ‍ॅस्ट्रॉनॉमी क्लबमध्ये होते, आणि मी हवेत होते. क्लबकडून चार चष्मे मिळाले होते, पुठ्ठ्याचे, काळ्या फिल्मचे. मी ते एकेक करून ट्यूबलाइटसमोर धरून तपासले. नीट चष्मा असेल तर ट्यूब दिसतच नाही, सगळं काळं. कुठे ओरखडा, टोचल्यासारखं भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो, मग तो चष्मा सरळ कचऱ्यात. चारही चांगले निघाले. मी हे इतकं सांगतेय कारण मी तयारी केली होती. माझ्याकडे सगळं होतं, यार. सगळं.

सकाळपासून क्वार्टरच्या ग्रुपवर लिस्टा यायला लागल्या. ग्रहणात काय करू नये. भाजी चिरू नये, सुई घेऊ नये, केस विंचरू नयेत, झोपू नये, गरोदर बायकांनी बाहेर पडू नये, देवाला हात लावू नये. आणि त्यातच, केस विंचरण्याच्या खाली आणि झोपण्याच्या वर, कुठेतरी, "सूर्य को नंगी आँखों से न देखें."

मला या लिस्टचा आजही इतका राग येतो की टाइप करताना बोटं आपटतायत. अख्ख्या लिस्टमध्ये खरी गोष्ट एकच होती. एकच! आणि ती कंगव्याच्या शेजारी बसवली होती. मग ज्याला कंगव्याचं हसू येतं, तो डोळ्यांचंही हसण्यावारीच नेणार ना? दादाने ती लिस्ट मोठ्याने वाचून दाखवली, प्रत्येक ओळीला एक टाळी घेतली, आणि शेवटी म्हणाला, "चला, सगळं करायचं आज. आधी केस विंचरतो."

आणि मी काय केलं? मी टाळ्या दिल्या. वर म्हटलं, "ग्रहणाला काय घाबरायचं, सावली आहे ती!"

आई ग्रहण पाळते. भांडणतंटा नाही, कोणाला सक्ती नाही, पण पाळते. तिने दुधात, पाण्यात तुळशीची पानं टाकली, फराळाचे डबे बंद करून वर ठेवले, आणि दुपारनंतर फोन सायलेंटवर टाकून देवासमोर बसली. मी चिवड्याच्या डब्याला हात लावायला गेले तर तिथूनच डोळे वटारले. समोरच्या आंटींनी दारातून विचारलं, "बेटा, सूतक में कुछ खाया तो नहीं?" इथे सगळे तसंच म्हणतात. ग्रहणाच्या आधीचे जे तास पाळायचे असतात ते सूतक. मी लहानपणापासून तोच शब्द ऐकलाय.

तर मी भुकेने वैतागून आमच्या पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं: "आमच्याकडे पहाटेपासून सुतक लागलंय. आई काही बनवत नाहीये, फराळालाही हात लावू देत नाहीये." आणि पुढे एक रडका चेहरा.

जे मराठी घरात, मराठी गावात वाढलेत ते आत्ता कपाळावर हात मारतील. मला खरंच माहीत नव्हतं. ग्रहणाच्या आधी मराठीत वेध लागतात, आणि सुतक म्हणजे घरात कोणी गेलं की पाळतात ते, हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला. तो मेसेज मावशीच्या नजरेने वाचून बघा एकदा. ऐन दिवाळीत, सुतक, स्वयंपाक बंद, रडका चेहरा.

मी मेसेज टाकून फोन खिशात घातला आणि गच्चीवर पळाले.

गच्चीवर आधीच पंधरा-वीस जण होते. साडेचारची वेळ, पश्चिमेला सूर्य, आणि हवेत आदल्या रात्रीचे सगळे फटाके. दिवाळीनंतरची दिल्ली ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते, सूर्य तापलेला वाटतच नाही. नारिंगी, गोल, मऊ. संत्र्याच्या गोळीसारखा. त्याच्याकडे बघितलं तर डोळे दिपत नाहीत, पाणी येत नाही, काही नाही. आणि हीच सगळी गडबड आहे.

मी चष्मे वाटले. पहिल्याच अंकलनी लावला, काढला आणि म्हणाले, "इसमें तो कुछ दिख ही नहीं रहा." त्यांचं चूक नव्हतं. एवढ्या धुरातून तो चष्मा लावला की सूर्य जेमतेम दिसायचा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, शोधावा लागायचा. अंकल म्हणाले, "बेटा, धुआँ है ना. नैचुरल चश्मा!" आणि सगळी गच्ची हसली. त्यांच्या हातात एक जुना एक्स-रे होता, कोणाच्या तरी गुडघ्याचा. मी ओरडले, की अंकल एक्स-रेने प्रकाश कमी वाटतो पण डोळा वाचत नाही, काळी काच नको, सीडी नको, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पण नको. ते म्हणाले, "अच्छा अच्छा, मैडम." आणि गुडघा परत डोळ्यांसमोर धरला.

मग मी युक्ती काढली. खाली जाऊन सोऱ्यातली शेवेची चकती घेऊन आले. सूर्याकडे पाठ करायची, चकती उन्हात धरायची आणि तिची सावली पांढऱ्या कागदावर पाडायची. प्रत्येक भोकातून एकेक सूर्य पडतो. फिकट पडले, धुरामुळे, पण पडले: ओळीने कोरलेले, एका बाजूने चावा घेतलेले इवलेइवले सूर्य. लहान मुलं किंचाळली. आंट्या, ज्या "सूतक आहे" म्हणत जिन्यातच थांबल्या होत्या, त्या पण कागद बघायला पुढे आल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी क्षण चालू होता.

दादाला मी चष्मा दिला होता. त्याने लावून बघितलाही होता, "वा, शास्त्रज्ञबाई!" म्हणाला होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मावशी.

मावशीने आधी आईला तीनदा फोन लावला होता. तो सायलेंट. मला लावला, माझ्या लक्षात नाही आलं. मग मुलाला. गच्चीवर गोंगाट होता म्हणून दादा पाण्याच्या टाकीपलीकडे गेला. सुरुवातीचं त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"कोण गेलं? ... अगं कोणी नाही गेलं. आई, रडू नको. आई! ... अगं सगळे आहेत, काकांना आत्ता बघितलं मी, बनियनवर आहेत. ... सुतक? कुठलं सुतक? ... अगं ग्रहणाचं म्हणतेय ती, येडी आहे ती, तिला मराठी येत नाही."

मग मावशी रडायची थांबली, मग हसली, मग तिला सगळंच विचारायचं होतं. फराळ पोचला का, करंज्या मोडल्या का, डोळ्यांची टेस्ट कधी, ग्रहण दिसतंय का. आणि दादा टाकीला टेकून, तोंड पश्चिमेकडे, चष्मा केसांवर सरकवलेला, आईला रनिंग कॉमेंट्री देत होता, हे मला नंतर कळलं. "बिस्किटाचा कोपरा तोडल्यासारखं दिसतंय. ... आता अजून थोडं खाल्लं. ... नाही गं, डोळ्यांना काही होत नाही, गारेगार आहे."

दहा मिनिटं. जास्तच असतील. मी चकतीत होते.

मला दिसलं तेव्हा मी जिवाच्या आकांताने ओरडले, "दादा, चष्मा!"

तो हसला. "हा काय सूर्य आहे का? समोर एवढा जाड पडदा आहे धुराचा. तुझ्या चष्म्यातून दिसत नाही, याच्यातून दिसतंय."

"अरे पण..."

"काही होत असतं तर दुखलं असतं ना?"

मी चष्मा ओढून त्याच्या नाकावर बसवला, आणि सूर्य मावळेपर्यंत तो तसाच बसला, शहाण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी आईने उटणं लावलं, ओवाळलं, मग तो पेपर घेऊन बसला आणि पेपर सारखा हलवत होता. जवळ, लांब, तिरका. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझं नाक कुठे गेलं?" मला वाटलं चेष्टा करतोय. मी पण म्हटलं, "तुझ्या बायकोकडे ठेवलंय." तो हसला नाही. डावा डोळा झाकला, उघडला, उजवा झाकला. "नाही, खरंच. जिथे बघतो तिथेच पुसल्यासारखं होतंय. बाजूचं सगळं दिसतंय."

मी उठून बाबांना हाक मारली.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायच्या आधी मध्ये भाऊबीज आली. ओवाळताना त्याने माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघितलं, कारण सरळ बघितलं तर मी दिसत नव्हते. त्या दिवशी मी त्याला ओवाळलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढच्या दिवशी बाबा आम्हाला एका सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत घेऊन गेले. डॉक्टर जेमतेम तिशीची असेल. तिने डोळ्यात थेंब टाकले, मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, स्कॅन केला, आणि मान वर न करताच विचारलं, "ग्रहण देखा था?"

दादा म्हणाला, "धुआँ बहुत था, मैडम. चुभ नहीं रहा था."

"वही तो." तिने पहिल्यांदा मान वर केली. "चुभता तो आप आँख बंद कर लेते. धुएँ ने चमक कम कर दी, तो आप देखते रहे. जो किरणें दिखती नहीं, वो भी आती हैं. और आँख का पर्दा जले तो दर्द नहीं होता, उसमें दर्द वाली नस ही नहीं है."

दादाने विचारलं, ड्रॉप किती दिवस घालायचे. ती म्हणाली, याला ड्रॉप नसतात. आठवडे लागतील, महिनेही लागतील, बहुतेक भरून येईल, पण पूर्ण येईल हे मी लिहून देऊ शकत नाही. बाबांनी हळूच विचारलं, "दो हफ्ते में इसका टेस्ट है. नौकरी का." तिने चौकटी-चौकटीचा एक छापील कागद दिला. मध्ये ठिपका. रोज एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, कुठल्या रेघा वाकड्या दिसतात ते सांगायचं.

तो कागद आम्ही फ्रिजवर लावला. रोज रात्री जेवण झालं की दादा समोर उभा राहायचा, मी पेन्सिल घेऊन. "इथून वाकतेय. ... हां. ... आणि ही रेघ इथे तुटतेय." मी वाकलेल्या भागाभोवती गोल काढायचे. उजव्या डोळ्याचा गोल रोज लहान होत गेला, आठव्या-नवव्या दिवशी नव्हताच. डाव्याचा होता. कमी होत होता, पण होता. एकदा मी मुद्दाम जरा लहान काढला. त्याने पेन्सिल घेतली आणि होता तेवढा करून ठेवला.

आणि या सगळ्या काळात लोक. आई म्हणाली, "सांगत होते मी, ग्रहण बघू नये." आंटी म्हणाल्या, "सूतक में छत पे गए थे ना." मावशीने फोनवर, "त्याच्या राशीला वाईट होतं, मी टीव्हीवर ऐकलं होतं, त्याला सांगितलं नाही." टीव्हीवर दिवसभर बारा राशी सांगितल्या यार, डोळ्यांचं खाली एका पट्टीत सरकत होतं! अरे, सूर्य रोजच जाळतो. एखाद्या गुरुवारी दुपारी दहा मिनिटं बघा, हेच होईल. फक्त गुरुवारी कोणी बघत नाही. ग्रहण असतं म्हणून आपण बघतो, एवढाच ग्रहणाचा गुन्हा. सगळ्यांनी मिळून चुकीच्या कारणासाठी बरोबर सल्ला दिला, आणि मग त्याचा डोळा पुरावा म्हणून वापरला. मी हे आईला सांगितलं, ओरडून सांगितलं. आई शांतपणे म्हणाली, "मग तू म्हणालीस ना, ग्रहणाला काय घाबरायचं. पुढचं अर्धं का नाही सांगितलंस?"

मला झोंबलं, कारण खरं होतं. सावलीला घाबरायचं नाही, उरलेल्या सूर्याला घाबरायचं. मी अर्धंच वाक्य बोलले होते, कारण अर्ध्या वाक्यावर टाळी मिळाली होती.

टेस्टच्या आदल्या दिवशी दादाचा एक मित्र आला, त्याच प्लांटमधला. म्हणाला, "टेन्शन कशाला, चार्ट तोच आहे दरवर्षी. खालच्या दोन ओळी पाठ कर." आणि मोबाईलमध्ये फोटो दाखवला. मी तो हावऱ्यासारखा बघितला. मी तर पाठही केला, आजही येतो मला. दादा बराच वेळ फोटोकडे, म्हणजे फोटोच्या जरा बाजूला, बघत होता. मग फोन परत दिला.

"पाठ करून टेबल मिळेल रे. पार्ट कसा पाठ करू?"

मित्र म्हणाला, "आजकाल कॅमेरा पण बघतो."

"कॅमेऱ्याला दिसलं असतं तर मला कशाला ठेवलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बसमधून त्याचा फोन आला. मी मेट्रोत होते, आवाज तुटत होता.

"डाव्याने खालची ओळ गेली," तो म्हणाला. "तिच्या वरचीत दोन अक्षरं चुकली."

"मग?"

"मग पॅकिंगमध्ये टाकतायत. सहा महिन्यांनी परत बोलावतील, तेव्हा जागा असेल तर."

"जागा असेल तर म्हणजे?"

"म्हणजे असेल तर."

मी मेट्रोत सगळ्यांसमोर रडायला लागले. त्याला म्हटलं, सॉरी, माझ्या त्या मेसेजमुळे मावशीचा फोन आला. तो म्हणाला, "फोन कानाला होता. डोळे माझे मीच तिकडे लावले." मग म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा चढला, "तुला माहितीये, त्या मेडिकल रूममधल्या बाईने कारणाच्या रकान्यात काय लिहिलं? सूर्यग्रहण. बस. जसं काही ग्रहणाने मला येऊन मारलं. मी म्हटलं, मॅडम, हे खोडा. ती म्हणे, क्या फर्क पड़ता है. मी म्हटलं, पड़ता है. पुढचं ग्रहण आलं की तुम्ही सगळ्यांना खोलीत कोंडाल आणि चष्मा कोणालाच देणार नाही."

"खोडलं?"

"तिने नाही. मी खोडलं. लिहिलं, बिना चश्मे सूरज देखा. सही केली."

आता तो पॅकिंगमध्ये पक्का आहे. टेबलची जागा दुसऱ्या कोणालातरी मिळाली, त्यालाही वर्ष होऊन गेलं. डाव्या डोळ्यात एक बारीक डाग राहिलाय, वाचताना एखादं अक्षर गिळतो. दादा कुरकुर करत नाही, ते सगळं माझ्याकडे आलंय. त्या काकूंना मी साखरपुड्यात काहीच नीट बोलू शकले नाही, नुसती उठले, म्हणून घरी येऊन हे लिहिलं. हे आत्ता फॅमिली ग्रुपवर टाकतेय. मावशी, तू पण वाच, आणि पूर्ण वाच.